पायथन येते, मग काम का अडतं?

तारीख एक दिवस मागे जात होती. ग्राहकानं फॉर्ममध्ये ५ तारीख भरली की पावतीवर ४ छापली जायची, आणि तेही सगळ्यांच्या नाही, ठरावीक देशांतल्याच ग्राहकांच्या पावत्यांवर. आमच्या टीममध्ये नुकत्याच रुजू झालेल्या एका मुलाला मी हे काम दिलं. मुद्दाम लहान काम निवडलं होतं. सगळी प्रणाली जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली होती आणि जावा तो तीन वर्षं शिकला होता, चांगल्या मार्कांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यानं एक नवी फाइल उघडून तारीख छापणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिला होता. नीटनेटका होता, बरोबर चालतही होता. "आता हा कुठे टाकू?" त्यानं विचारलं. आमच्या कोडमध्ये काही हजार फाइली होत्या. पावती त्यातल्या कुठल्या फाइलीत तयार होते, तारीख तिथवर कुणाकुणाच्या हातून येते, हे आधी शोधायचं असतं, हेच त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांत त्यानं लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम कोऱ्या पानावर सुरू झाला होता आणि मार्क मिळाले की संपला होता.

दुरुस्ती अखेर दोन ओळींची निघाली. सर्व्हर त्या दिवसाची मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेत साठवत होता आणि दाखवताना ती ग्राहकाच्या स्थानिक वेळेत बदलत होता. जिथली घड्याळं प्रमाणवेळेच्या पाच तास मागे चालतात, तिथे रात्रीचे बारा म्हणजे आदल्या संध्याकाळचे सात. पाचची चार झाली ती अशी. या दोन ओळींत जावाचं असं काहीच नव्हतं. हीच चूक पायथनमध्येही झाली असती, जावास्क्रिप्टमध्येही.

पदवीधर कामाला तयार नसतात ही तक्रार जुनीच आहे, पण आता एआय साधनं मागाल तसा कोड लिहून देऊ लागली आहेत, त्यामुळे तिला धार आली आहे. मुलं विचारतात, "कुठली भाषा शिकू?" पालक विचारतात, "कॉलेजात अजून सी का शिकवतात?" कंपन्या म्हणतात, "आम्हाला हवं ते शिकवलंच जात नाही." तिघांचीही बोटं भाषेकडे आहेत. माझ्या मते दुखणं दुसरीकडे आहे. भाषेचा त्यात काहीच हात नाही असं मात्र नाही, म्हणून आधी भाषेचंच पाहू.

"भाषा" हा शब्द थोडा फसवा आहे

भाषा म्हटलं की डोळ्यांसमोर जर्मन किंवा जपानी येते. नवा शब्दकोश, नवं व्याकरण, काही वर्षांची मेहनत. प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं तसं नसतं. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणित आवृत्तीत राखीव शब्द, म्हणजे भाषेनं स्वतःच्या कामासाठी राखलेले शब्द, आहेत ३२. पायथनमध्ये ३५. गो नावाच्या भाषेत अवघे २५. सगळा शब्दसंग्रह एका पानावर मावतो. एक भाषा नीट येणारा माणूस दुसरीचं व्याकरण आठवड्या-दोन आठवड्यांत वाचून काढतो.

वेळ लागतो तो इतर दोन गोष्टींना. पहिली म्हणजे लायब्ररी, म्हणजे इतरांनी आधीच लिहून ठेवलेला, आपण नुसता बोलावून वापरायचा कोड. तारखा हाताळायला, चित्रं दाखवायला, दुसऱ्या संगणकाशी बोलायला प्रत्येक भाषेभोवती अशा हजारो लायब्रऱ्या असतात. त्या पाठ करायच्या नसतात. कामापुरत्या शोधायच्या, वाचायच्या, वापरायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे कल्पना. माहिती कशी मांडली तर पटकन सापडेल, मोठं काम लहान तुकड्यांत कसं फोडायचं, एक तुकडा बिघडला तर दुसऱ्याला त्याची झळ कशी लागू द्यायची नाही. या कल्पना भाषेबरोबर बदलत नाहीत. सुताराला नवी करवत दिली तर अर्धा दिवस हात अडखळेल. पण लाकडाचे तंतू कुठल्या दिशेनं जातात आणि सांधा कुठे घ्यायचा, हे त्याला नव्यानं शिकावं लागत नाही.

एक छोटा प्रयोग करून पाहा. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. जावाला विचारा, तेच. जावास्क्रिप्टला विचारा, तेच. यात भाषेची चूक नाही. संगणक अपूर्णांक अर्धा, पाव, एक अष्टमांश अशा दोननं भागत जाणाऱ्या मापांत साठवतो आणि त्या मापात ०.१ पूर्णपणे बसत नाही, जसा आपल्या दशांशात एक तृतीयांश बसत नाही, ०.३३३ लिहीत कितीही पुढे गेलं तरी थोडं उरतंच. हे ज्याला उमगलं तो पैशांचा हिशेब अशा अपूर्णांकांत ठेवत नाही, मग भाषा कुठलीही असो. ज्याला नुसती भाषा येते, त्याला महिनाअखेरीस हिशेबात एका पैशाचा फरक का येतो हे शोधत बसावं लागतं.

वर्गातल्या भाषा कुठून आल्या?

आज कुणाला पटणार नाही, पण वर्गात गाजलेल्या सुरुवातीच्या काही भाषा उद्योगासाठी नव्हत्याच. बेसिक १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी तयार केली, ती विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. पास्कल १९७०ची. निकलाउस विर्थ यांनी ती विद्यार्थ्यांना शिस्तशीर प्रोग्रॅमिंगची सवय लागावी हे डोळ्यांपुढे ठेवून रचली. सी भाषेची गोष्ट उलटी. डेनिस रिची यांनी ती १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याच्या कामी घडवली. वर्गात ती नंतर आली, बाहेर तिचा बोलबाला झाला म्हणून. १९९५ची जावाही बाहेरूनच आत आली. पायथनचं मूळ मात्र पुन्हा शिकवण्याकडे जातं. गिदो व्हान रोसम यांनी १९९१ साली ती प्रसिद्ध केली, आणि त्याआधी ते ज्या एबीसी भाषेवर काम करत होते ती नवशिक्यांसाठीच होती.

म्हणजे वर्गातली भाषा निवडताना दोन ओढी कायम राहिल्या आहेत. शिकायला सोपी असावी ही एक, बाहेर चालणारी असावी ही दुसरी. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या, पण कॉलेजच्या पातळीच्या एपी कॉम्प्युटर सायन्स परीक्षेत ही ओढाताण स्पष्ट दिसते. १९८४मध्ये परीक्षा सुरू झाली ती पास्कलमध्ये. १९९९पासून सी++ आली. २००४पासून जावा. वीस वर्षांत तीन भाषा झाल्या, पण पुनरावृत्ती, फलनं, यादी, शोध आणि क्रमवारी हा परीक्षेचा गाभा बराचसा तसाच राहिला.

एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाचा बदल याहून बोलका आहे. तिथला गाजलेला पहिला अभ्यासक्रम कित्येक वर्षं स्कीम या छोट्याशा भाषेत होता. स्कीममध्ये नोकऱ्या जवळजवळ नव्हत्या आणि त्याची तिथे कुणाला फिकीरही नव्हती. २००८च्या आसपास तो बंद झाला आणि पायथन आली. त्यामागे भाषेच्या लोकप्रियतेपेक्षा खोल कारण होतं. पूर्वी अभियंता पूर्ण समजलेले लहान भाग जोडून मोठी गोष्ट उभी करायचा. आता तो दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या घेतो, त्यांच्या पोटात काय आहे हे पूर्ण दिसत नसताना प्रयोग करत करत त्यांच्याकडून काम करून घेतो. कामाची रीतच बदलली, म्हणून पहिला धडा बदलला. हा विचार मला फार मोलाचा वाटतो, कारण इथे "कामाचं स्वरूप काय झालंय?" हा प्रश्न आधी आला आणि भाषा नंतर.

पहिल्या भाषेनं काहीच फरक पडत नाही का?

पडतो. प्रत्येक भाषा काही दाखवते आणि काही झाकते. हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक खरी चूक जवळून पाहू.

जाड शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. मधोमध उघडतो. हवा असलेला शब्द पुढे असेल तर मागचा अर्धा भाग सोडून देतो आणि उरलेल्या भागाच्या पुन्हा मधोमध जातो. संगणकातही क्रमवार लावलेल्या यादीत असंच शोधतात. याला बायनरी सर्च म्हणतात आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षात तो सगळ्यांना शिकवतात. मधलं पान काढायचं कसं? सुरुवातीचा क्रमांक अधिक शेवटचा क्रमांक, भागिले दोन. यात कुणाला शंका येणार?

जावाबरोबर येणाऱ्या अधिकृत लायब्ररीत हेच गणित होतं. ते लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली स्वतःच जाहीर केलं की त्यात चूक आहे, आणि ती सुमारे नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. जावातला साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. दोन मोठ्या क्रमांकांची बेरीज या मर्यादेपलीकडे गेली की आकडा उलटून ऋण होतो. अर्धं करायच्या आधीच बेरीज फुटलेली असते आणि "मधलं पान" शून्याच्या अलीकडे जाऊन पडतं. अशी वेळ यायला यादीत सुमारे १०७ कोटी नोंदी लागतात. सुरुवातीच्या काळात एवढ्या याद्या नव्हत्या, म्हणून चूक झाकून राहिली. उपाय सोपा आहे. आधी दोन क्रमांकांमधलं अंतर काढायचं, ते अर्धं करायचं आणि सुरुवातीच्या क्रमांकात मिळवायचं. शाळेच्या गणितात दोन्ही रीती एकच. यंत्रात मात्र त्या वेगळ्या आहेत.

आता गंमत पाहा. ज्या मुलीनं फक्त पायथन शिकली, तिला ही चूक कधीच भेटणार नाही. पायथनचा पूर्णांक लागेल तेवढा मोठा होत जातो, मेमरी पुरेपर्यंत. भाषेनं यंत्राची मर्यादा तिच्यापासून झाकून ठेवली. त्यामुळे पहिल्या वर्षी तिचं लक्ष मूळ कल्पनेवर राहिलं, हे चांगलंच झालं. पण पुढे ती जावा किंवा सीमध्ये काम करायला गेली आणि तिला ही मर्यादा असते हेच माहीत नसेल, तर ती नऊ वर्षं लपलेली चूक पुन्हा लिहील. सी शिकलेल्याचं उलटं होतं. मेमरी स्वतः मागायची, स्वतः परत करायची, शब्द कुठे संपला हे कळावं म्हणून त्याच्या शेवटी शून्य ठेवायला विसरायचं नाही. यंत्र कसं चालतं ते त्याला दिसतं. पण पहिलं वर्ष याच झटापटीत गेलं तर प्रश्न कसा सोडवायचा हे शिकायला त्याच्याकडे बळच उरत नाही.

म्हणून माझं मत असं: सुरुवात पायथननं झाली तर बिघडत नाही, शेवटही पायथननंच झाला तर बिघडतं. पदवी हातात येईपर्यंत वेगवेगळ्या स्वभावाच्या निदान दोन भाषा खोलात झालेल्या असाव्यात. एक विचार सोपा करणारी, एक यंत्र उघडं करून दाखवणारी. रेझ्युमेवर आठ भाषांची नावं आणि प्रत्येकीत वीस-वीस ओळींचे प्रोग्रॅम, यानं काही साधत नाही. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

मग नोकरीत नेमकं काय वेगळं असतं?

कॉलेजातला प्रोग्रॅम एकट्यानं लिहिलेला, दोनशे ओळींचा, एकदाच चालवलेला असतो. नोकरीतला कोड अनेकांनी लिहिलेला, लाखो ओळींचा, रोज चालणारा असतो, आणि लिहिणाऱ्यांपैकी निम्मे केव्हाच दुसरीकडे निघून गेलेले असतात. कोऱ्या प्लॉटवर घर बांधणं आणि माणसं राहत असलेल्या घरात नळाची लाइन बदलणं यात जेवढा फरक, तेवढाच. दुसऱ्या कामात आधी जुनी लाइन भिंतीतून कुठून गेलीय ते शोधावं लागतं, आणि पाणी बंद ठेवायचं तर घरातल्यांना सांगावं लागतं.

माझ्या टीममधला तो मुलगा अडला तो इथे. त्याला हवं होतं ते साधं होतं. हजारो फाइलींत नेमका शब्द शोधणं. प्रणाली स्वतःच्या संगणकावर चालू करून चूक पुन्हा घडवून पाहणं. दुरुस्तीआधी "५ भरली तर ५च छापली पाहिजे" असं तपासणारा लहानसा प्रोग्रॅम लिहिणं, ज्याला आम्ही टेस्ट म्हणतो. मग बदल करणं, आणि तो दुसऱ्या कुणाला वाचायला देणं. बदलांची नोंद ठेवणारं गिट हे साधन २००५पासून आहे आणि आता ते जवळपास सगळीकडे वापरतात. त्याला गिट ऐकून माहीत होतं. दोघांनी एकाच फाइलीत बदल केले तर काय करायचं, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं, कारण दोघांनी मिळून एक फाइल त्यानं कधी लिहिलीच नव्हती.

ही किरकोळ कौशल्यं आहेत, ती आपोआप येतात, असं म्हणणाऱ्यांनी १ ऑगस्ट २०१२चा दिवस आठवावा. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीला नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, एकावर राहून गेला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या कामासाठी जी खूण पुन्हा वापरली होती तिनं तो जुना कोड जागा केला. बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरनं नको असलेले व्यवहार धडाधड सुरू केले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांच्या वर नुकसान झालं आणि कंपनीला स्वतंत्रपणे टिकून राहता आलं नाही. प्रोग्रॅम कुठल्या भाषेत होता यानं इथे काहीही बदललं नसतं. मेलेला कोड वेळीच काढून टाकला असता, आठही सर्व्हर तपासणारं कुणी किंवा काही असतं, तर वाचले असते.

एमआयटीतल्या काही विद्यार्थ्यांनी २०२०मध्ये एक छोटा अभ्यासक्रम घेतला आणि त्याला "राहून गेलेलं सत्र" अशा अर्थाचं नाव दिलं. कमांड लाइन, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा देणं, गिट, चुका शोधण्याची साधनं, एवढाच विषय. पदवीच्या इतर तासांत सगळे हे येतं असं धरून चालतात, पण शिकवत कुणीच नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. इतक्या नावाजलेल्या ठिकाणी ही पोकळी होती, तर बाकीच्यांनी लाजायचं कारण नाही. मान्य करून कामाला लागायला हवं.

"कंपन्या मागतात तेच शिकवा की सरळ"

हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकते आणि त्यामागची कळकळ मला समजते. कर्ज काढून शिकलेल्या मुलाला नोकरी हवी असते. पण जाहिरातीत जे मागतात ते बहुतेक वेळा भाषेहूनही अल्पायुषी असतं. ते असतं फ्रेमवर्क, म्हणजे ज्यात आपला कोड बसवायचा तो तयार सांगाडा. २०१४ साली चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचा विचार करा. तेव्हा वेबसाइटच्या कामात अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कला मोठी मागणी होती. २०१६च्या सप्टेंबरात त्याची पुढची आवृत्ती आली ती जवळपास नव्यानं लिहिलेली, जुन्या कोडशी न जुळणारी. तोवर त्याच कामासाठीची रिअ‍ॅक्ट ही लायब्ररीही पसरली होती. अभ्यासक्रम अँग्युलरजेएसभोवती बांधला असता तर मुलगा बाहेर पडला त्या दिवशीच शिळा झाला असता. पायथनचंही तसंच, तिची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२०ला अधिकृतपणे बंद झाली.

ही बाजू मांडताना महाविद्यालयांची पाठराखण करायचा माझा हेतू नाही. "आम्ही मूलतत्त्वं शिकवतो" या वाक्याआड फार आळस लपतो. १९९०च्या टर्बो सी++ वर आजही प्रॅक्टिकल घेतली जात असतील, तर त्याला मूलतत्त्वं म्हणता येत नाही. त्या कंपायलरमध्ये, म्हणजे माणसाचा कोड यंत्राच्या सूचनांत बदलणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये, पूर्णांक ३२,७६७ला संपतो. सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८चं, म्हणजे त्यानंतरचं. तिथे शिकलेला प्रोग्रॅम आजच्या कंपायलरला दिला की पहिल्या ओळीलाच अडतो आणि मुलाला वाटतं, मलाच काही येत नाही. आजचे उत्तम कंपायलर फुकट मिळतात. हे बदलायला पैसा लागत नाही, प्रॅक्टिकलची वही नव्यानं लिहायची तयारी लागते.

जुन्या भाषेचा आणि जुन्या साधनाचा फरकही इथेच सांगते. कोबोल ही १९५९-६०मधली भाषा. बँका आणि सरकारी खात्यांत तिचा कोड आजही चालतो. एप्रिल २०२०मध्ये बेरोजगारांच्या अर्जांचा लोंढा आल्यावर न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावं असं जाहीर आवाहन करावं लागलं होतं. सगळ्यांनी कोबोल शिकावी असं मी म्हणत नाही. पण भाषा म्हातारी झाली म्हणून काम संपत नाही, आणि अशा वेळी जो अनोळखी कोड धीरानं वाचू शकतो तोच उपयोगी पडतो.

"मग कंपन्यांनी शिकवावं, आमचं काम शिक्षणाचं आहे"

यातलं निम्मं खरं आहे. एखाद्या कंपनीची स्वतःची प्रणाली, तिचे नियम, तिच्या ग्राहकांच्या खोडी कुठलंच विद्यापीठ शिकवू शकणार नाही. पहिले काही महिने नव्या माणसाजवळ कुणीतरी अनुभवी बसलंच पाहिजे. "पहिल्या दिवसापासून कामाला लागणारा फ्रेशर हवा" असं लिहिणाऱ्या जाहिराती मला अन्यायाच्या वाटतात.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. दुसऱ्याचा कोड वाचणं, चूक पद्धतशीरपणे शोधणं, आपला बदल शब्दांत समजावणं ही कुठल्या एका कंपनीची गरज नव्हे. ते या विषयाचं वाचन-लेखन आहे. चार वर्षं निबंधच निबंध लिहून घेतले आणि एकही पुस्तक वाचायला दिलं नाही, तर त्याला भाषेचं शिक्षण म्हणता येईल का?

बदल कुठे करता येईल हे सांगायला फार मोठी समिती नको. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलेला प्रकल्प पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यावा आणि म्हणावं, यात ही एक सोय वाढवा, आधीचं काही मोडू न देता. आधी लिहिणाऱ्यांना कळेल की आपण नाव दिलेलं चल (व्हेरिएबल) कुणीतरी उद्या वाचणार आहे. तो पुढे नेणाऱ्यांना कळेल की टेस्ट का लिहायच्या. परीक्षेत कोरा कागद देऊन बायनरी सर्च लिहायला सांगण्याऐवजी तीन पानांचा कोड द्यावा, ज्यात एक चूक आहे, आणि ती कुठे आहे, कशी ओळखली, दुरुस्तीनंतर कसं तपासाल हे विचारावं. तपासणाऱ्याला कष्ट पडतील हे खरं. घोकून मात्र कुणी पास होणार नाही.

"एआय लिहितंय ना कोड, मग हे सगळं कशाला?"

२०२१मध्ये कोड सुचवणारं गिटहब कोपायलट आणि २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून हा प्रश्न रोजचा झाला आहे. मी स्वतः ही साधनं वापरते. बायनरी सर्च, फॉर्म, नेहमीच्या जोडण्या ती झटक्यात लिहून देतात. म्हणजे कॉलेजात ज्या कामाला सर्वांत जास्त मार्क मिळतात, कोऱ्या पानावर ओळखीचा प्रोग्रॅम लिहिणं, नेमकं तेच काम आता सर्वांत स्वस्त झालं आहे.

महाग राहिलंय ते बाकीचं. तारखेच्या त्या चुकीचं वर्णन एआयला दिलं तर ते सराईतपणे सांगेल की दाखवताना वेळेत रूपांतर करू नका. पावतीच्या तारखेसाठी ते बरोबर आहे. पण त्याच प्रणालीत माल कधी पोचला याची वेळही तशीच साठवलेली होती, आणि ती मात्र ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणेच दिसायला हवी होती. वाढदिवस किंवा पावतीची तारीख ही कॅलेंडरवरची एक चौकट असते. माल पोचणं हा काळाच्या रेषेवरचा एक क्षण असतो. हा भेद समोरच्या ग्राहकाकडून आणि कामाच्या समजुतीतून येतो. तो ज्याला माहीत नाही त्याला एआयनं दिलेलं उत्तर तपासताही येत नाही, आणि न तपासलेला कोड आता पूर्वीपेक्षा कितीतरी वेगानं तयार होतो. वाचता येणं पूर्वी उपयोगी होतं, आता त्याच्यावाचून चालत नाही.

शिकणाऱ्यांसाठी माझी एक खरी काळजी आहे. असाइनमेंट एआयकडून करून घेतली की मार्क मिळतात, पण चूक शोधताना होणारी ती दोन तासांची चडफड होत नाही. शिकणं त्या चडफडीतच घडतं. पहिली दोन वर्षं तरी एआयला "लिहून दे" म्हणू नका, "मी लिहिलेलं कुठे मोडेल ते विचार मला" म्हणा. फरक स्वतःलाच जाणवेल.

तर कुठली भाषा शिकू?

तुमचे शिक्षक जी मनापासून वापरतात ती. जिच्यात अडल्यावर विचारायला जवळ कुणी आहे ती. पायथन, जावा, सी, जावास्क्रिप्ट, यातली कुठलीही चालेल. जोडीला डेटाबेसला प्रश्न विचारायची एसक्यूएल घ्या, ती बहुतेक नोकऱ्यांत लागतेच. दुसरी भाषा पहिलीपेक्षा वेगळ्या स्वभावाची निवडा आणि पहिलीतला जुना प्रोग्रॅम दुसरीत पुन्हा लिहून पाहा. जिथे अडाल तिथे पहिल्या भाषेनं काय झाकून ठेवलं होतं ते सापडेल.

आणि या आठवड्यात एक काम करा. मागच्या सत्रातला स्वतःचा प्रकल्प एका मित्राला द्या. सोबत तोंडी काही सांगायचं नाही, शेजारी बसायचं नाही. त्याच्या संगणकावर तो चालू व्हायला किती वेळ लागतो, तो काय काय विचारायला फोन करतो, ते एका कागदावर लिहून ठेवा. माझ्या टीममधल्या मुलानं तारखेची दुरुस्ती पूर्ण केल्यावर मी त्याला हेच करायला लावलं होतं. त्याच्या कागदावर सतरा ओळी भरल्या. त्यातल्या एकाही ओळीत जावा हा शब्द नव्हता.